ठोका

कनकभाई पंचाल तेलाचा थेंब चिमटीत चोळतो,
उन्हाकडे धरतो, वास घेतो,
आणि डबा माझ्याकडे परत सरकवतो.
"पातळुं छे, घारपुरेबेन. आ तो पाणी."

डब्यावर शून्य-वीस. सिंथेटिक.
मुलानं पाठवलंय पुण्याहून, त्याच्या गाडीला चालतं म्हणून.
माझी सत्तावन्न सालची,
माझ्याहून एका वर्षानं लहान,
दोन माणसांची, डोक्यावर नुसतं कापड.
फंडाच्या पैशातून घेतली तेव्हा
घरात तीन दिवस चहा विचारण्यापुरतंही
कोणी बोललं नाही माझ्याशी.

तिच्या बेअरिंगांत आता फटी आहेत.
पातळ तेल तिथून निसटतं,
मांडवीच्या गर्दीत उभं राहिलं की
दाबाचा काटा आडवा होतो.
वीस-पन्नास घाल, कनकभाई म्हणतो,
आणि त्यात जस्त असू दे,
टॅपेट घासतात त्या जागेसाठी.
आकडे मला ठाऊक होते.
चिमटीतलं नव्हतं.

एकतीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत
एका सिलिंडरच्या इंजिनापुढे बसले मी.
त्याला रोजचं पेट्रोल पाजायचं,
दाब वाढवत न्यायचा, ठोका येईपर्यंत,
मग वहीत आकडा.
काटा होता, पण माझा कान आधी सांगायचा.
शंभर म्हणजे आयसो-ऑक्टेन,
शून्य म्हणजे हेप्टेन,
बाकी सगळं जग मधे कुठेतरी.

आणि शिसं.
थेंबभर घातलं की ठोका गप्प.
ते बंद झालं तेव्हा लॅबमध्ये पेढे वाटले आम्ही;
शाळेच्या रिक्षांत कोंबलेली पोरं,
रावपुऱ्याच्या चौकातला शिट्टीवाला,
त्यांच्या रक्तात काय साठत होतं
ते आम्हाला आकड्यांत माहीत होतं.
शेवटच्या नमुन्यावर सही माझीच.

आता माझ्याच गाडीला तेच शिसं हवंय.
कनकभाई हेड उघडून दाखवतो:
व्हॉल्व्हच्या बैठका मऊ बिडाच्या,
शिशाच्या लेपावर टेकायची सवय लागलेल्या.
लेप गेला, आणि व्हॉल्व्ह आत आत रुतत चाललाय.
"दवा नाखी दउं?"
बाटलीत मिळते म्हणे, ओळखीतून.

पेन्शनचा हिशेब केला. दोनदा केला.
नको, म्हटलं. बैठका बदल. पोलादाच्या बसव.
त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं
आणि पाना पुसायला घेतला.

राहिलं पेट्रोल.
साध्यात पाचवा हिस्सा मद्यार्क.
तो हवेतलं पाणी ओढतो, जुनं रबर फुगवतो;
पहिल्याच महिन्यात नळी हातात आली
शिळ्या जिलबीसारखी.
या दारूबंदीच्या राज्यात
परमिट नसताना रोज पिणारी
आमच्या घरातली ती पहिलीच.

म्हणून छाणीच्या रस्त्यावरचा तो एकच पंप,
जिथे शंभर आकड्याचं मिळतं, न मिसळलेलं.
नळी हातात धरून पोरगा हसतो,
"आमां सोवाळुं? खोटो खरचो, बा."
त्याचं चूक नाही.
सव्वाआठपटीचा दाब तिचा, नव्वदीत भागतं.
शंभर कशासाठी, ते त्याला समजावत बसले असते,
मागे टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून होता.

संध्याकाळी कोयलीकडे काढली.
रिफायनरीची ज्योत पेटलेली,
आज जरा पिवळी; कुठलं तरी युनिट बंद पडलं असणार,
आता मला कोणी फोन करत नाही.
पुलाच्या चढावर मुद्दाम चौथ्यात ठेवली,
पाय दाबला,
आणि ऐकत राहिले.

एक आला. अगदी बारीक.
टाकीच्या तळाशी जुनं उरलं असेल,
किंवा टायमिंग दोन अंश पुढे.
किंवा पुलाचा सांधा असेल नुसता.

खाली उतरले, वळवली,
तोच चढ पुन्हा घेतला.